स्नॅपशॉट मधूनच गळतात: फर्मवेअर बदलण्याआधी काय तपासायचं, आणि बदललंच तर काय बिघडतं

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. तासगावकडच्या बेदाणा शेडवर किंवा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामात चार आयपी कॅमेरे आहेत. दर पाच मिनिटांनी प्रत्येकाचा एक फोटो कोपऱ्यातल्या छोट्या संगणकावर पडायला हवा, म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २८८. मोजायला बसलं की एकाचे २८८ भरतात, दुसऱ्याचे २८७ आणि तिसऱ्याचे जेमतेम २३०. मोबाइलवर लाइव्ह उघडलं तर तिसऱ्याचंही चित्र ठणठणीत. मग कोणीतरी सुचवतं, 'फर्मवेअर जुनं झालंय, नवीन टाका.'

एवढ्यात फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याला चालवणारा आतला प्रोग्राम, टाकू नका. लाइव्ह चित्र आणि स्नॅपशॉट (मागितल्यावर मिळणारा एकच फोटो) या कॅमेऱ्याच्या आतल्या दोन वेगळ्या वाटा आहेत. लाइव्हचा प्रवाह एकदा सुरू झाला की चालू राहतो. मध्ये दोन सेकंद तुटला तरी ॲप गुपचूप पुन्हा जोडून घेतं आणि पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. स्नॅपशॉटला मात्र दर वेळी नव्याने दार ठोठवावं लागतं. जोडणी करायची, पासवर्ड पटवायचा, त्या क्षणाची फ्रेम जेपेगमध्ये बदलायची, मग पाठवायची. नेमक्या त्या दोन सेकंदांत मागणी आली तर तो फोटो गेलाच. म्हणून वीज, केबल आणि घड्याळ यांची दुखणी फर्मवेअरच्या नावावर खपतात.

आधी शंभर फोटोंची नोंद

कर्लमध्ये (कमांड लिहून वेब पत्त्यावरची फाइल मागवणारं साधन) डायजेस्ट पडताळणीचा (पासवर्ड उघडा न पाठवता पटवायची पद्धत) पर्याय आणि १० सेकंदांची मुदत लावा. दर ५ सेकंदांनी एक, असे १०० फोटो मागवा. साडेआठ मिनिटांत काम होतं. प्रत्येक फोटोमागे वेळ, एचटीटीपीचा कोड (कॅमेऱ्याच्या उत्तराचा तीन आकडी क्रमांक, २०० म्हणजे यशस्वी), आलेले बाइट आणि लागलेले सेकंद लिहून ठेवा. ही चाचणी गडबड ज्या वेळी होते त्याच वेळी घ्यायची. संध्याकाळी सातचं दुखणं सकाळी अकराला सापडत नाही.

नोंद समोर आली की निम्मं निदान झालं. शेवटचा कोड ४०१ येत असेल तर पासवर्ड किंवा पडताळणीची पद्धत जुळत नाही. डायजेस्टमध्ये पहिल्या मागणीला ४०१ मिळणं नेहमीचं आहे, त्यानंतरचं उत्तर महत्त्वाचं. कुठल्या तरी विसरलेल्या संगणकावर जुन्या पासवर्डची स्क्रिप्ट चालू आहे का, तेही बघा. ठराविक वेळा पासवर्ड चुकला की बरेच कॅमेरे तो आयपी पत्ता काही काळ, बहुधा अर्धा तास, बंद करतात. त्याच संगणकावरून बरोबर पासवर्डने मागणारी दुसरी स्क्रिप्टही मग अर्धा तास उपाशी राहते. फोटो अर्ध्या अर्ध्या तासाच्या पट्ट्यांनी गळत असतील तर शंभरातल्या नव्वद वेळा हेच निघतं.

५०३ किंवा 'डिव्हाइस बिझी' आलं तर मागणारे जास्त झालेत. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी), मालकाचा मोबाइल, मुलाचा मोबाइल आणि आपली स्क्रिप्ट असे सगळे एकाच मेन स्ट्रीमवर (मोठ्या चित्राच्या प्रवाहावर) बसलेले असतात. स्क्रिप्टला सब स्ट्रीमचा (लहान चित्राचा) फोटो चालत असेल तर तो घ्या (हिकव्हिजन या कॅमेरा कंपनीच्या क्रमांकांत १०१ म्हणजे पहिल्या चॅनेलचा मेन, १०२ म्हणजे सब). चारही कॅमेऱ्यांना एकाच सेकंदाला न विचारता १५ सेकंदांच्या अंतराने विचारा.

कोड २०० पण फोटोचा खालचा भाग राखाडी, हा प्रकार फसवा आहे, कारण स्क्रिप्टच्या दृष्टीने सगळं यशस्वी झालेलं असतं. धड जेपेग फाइल एफएफ डी८ या दोन बाइटने सुरू होते आणि एफएफ डी९ ने संपते. शेवटचे दोन बाइट तपासायची एक ओळ स्क्रिप्टमध्ये घाला. नसतील तर फाइल टाकून दोन सेकंदांनी पुन्हा मागा. नुसत्या आकारावर भरवसा ठेवू नका. महाबळेश्वर-पाचगणीला धुक्यात पांढऱ्याफटक चित्राची फाइल एरवीच्या निम्म्याहूनही लहान होते, आणि ती अस्सल असते.

सगळ्यात वाईट म्हणजे शिळा फोटो. कोड २००, फाइल पूर्ण, चित्र स्वच्छ, पण दहा मिनिटांपूर्वीचं. काही स्वस्त कॅमेरे शेवटची फ्रेम साठवून तीच पुन्हा पुन्हा देतात. गोदामात हे कदाचित खपून जाईल. पण कृष्णाकाठच्या घराच्या गच्चीवरून पाण्यावर नजर ठेवायला कॅमेरा लावला असेल तर नाही खपणार. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, आणि पावसाळ्यात त्या पाच फुटांच्या दरम्यान शिळी पायरी पाहत बसणं परवडत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. लागोपाठच्या दोन फोटोंचा हॅश (फाइलच्या बाइटवरून काढलेला ओळख-क्रमांक) काढा. सेन्सरमध्ये थोडा तरी नॉइज असतोच, त्यामुळे दोन खऱ्या फ्रेम बाइटला बाइट सारख्या येत नाहीत. हॅश सारखा आला की फोटो शिळा. ब्राउझरमध्ये पाहत असाल तर आधी पत्त्याच्या शेवटी बदलता आकडा जोडून बघा; कधी कधी कॅमेरा निर्दोष असतो आणि शिळं वाढतो तो ब्राउझर.

घड्याळ

लाईट गेली आणि आली की बरेच स्वस्त कॅमेरे १ जानेवारी १९७० किंवा १ जानेवारी २००० या तारखेला जागे होतात. आत घड्याळाची बॅटरी नसते, किंवा असलेली संपलेली असते. याचे परिणाम दोन. एफटीपीने फोटो टाकणारा कॅमेरा तारखेचा फोल्डर बनवतो, म्हणून 'हरवलेले' फोटो १९७० नावाच्या फोल्डरात सुखरूप पडलेले असतात. आधी तिथे बघा. दुसरं, ऑनव्हिफच्या (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि एनव्हीआर यांची बोलायची सामाईक पद्धत) पडताळणीत पासवर्डबरोबर वेळही जाते. कॅमेऱ्याचं आणि मागणाऱ्याचं घड्याळ फार लांब असलं तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. एनव्हीआरमध्ये तो कॅमेरा लाल दिसतो आणि वायरमन पासवर्ड बदलत बसतो.

उपाय म्हणजे एनटीपी, नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत. शेडवर इंटरनेट नसेल तर राउटर किंवा एनव्हीआरलाच एनटीपी सर्व्हर करा. यूडीपीचं १२३ पोर्ट लोकल नेटवर्कमध्ये खुलं असलं की पुरे. टाइम झोन हटकून तपासा. फॅक्टरी रीसेट किंवा फर्मवेअर बदलल्यावर तो अनेकदा चीनचा, जीएमटी+८ होतो, आणि रात्री आठच्या फोटोवर साडेदहा छापलं जातं. इथे एक नेहमीची चूक होते. झोन तसाच ठेवून नुसती वेळ हाताने भारतीय करायची. फोटोवरची वेळ दिसायला बरोबर होते, पण आतली यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अडीच तास मागे जाते आणि ऑनव्हिफ पुन्हा अडतं. आधी झोन जीएमटी+५:३०, मग वेळ.

वीज आणि केबल: दिवस मावळल्यावरचं दुखणं

फोटो दिवसा पूर्ण आणि अंधार पडताच गळायला लागले, तर कॅमेरा खाली उतरवून फर्मवेअर बघण्यात अर्थ नाही. अंधार झाला की आयआर एलईडी (अंधारात बघायला लागणारे इन्फ्रारेड दिवे) पेटतात आणि कॅमेऱ्याचा करंट जवळपास दुप्पट होतो. मल्टीमीटर घ्या.

हिशोब असा. कॅट फाइव्हच्या एका तारेचा रोध १०० मीटरला साधारण ९ ओहम. कॅमेरा ४० मीटरवर, अडाप्टर शेडच्या ऑफिसात, आणि १२ व्होल्ट एकाच जोडीतून पाठवलेत. जायची आणि यायची तार धरून ८० मीटर, म्हणजे ७.२ ओहम. दिवसा ०.२५ ॲम्पियरला १.८ व्होल्ट वाटेत गळतात, कॅमेऱ्याला १०.२ मिळतात, तो चालतो. रात्री ०.५ ॲम्पियरला ३.६ गळतात आणि हातात ८.४ राहतात. आता कॅमेरा रीस्टार्ट होतो, एलईडी विझतात, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा उठतो, अंधार बघून एलईडी पेटवतो आणि पुन्हा बसतो. केबल तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर रोध दीडपट धरा. मग रात्री हातात साडेसहा व्होल्टच येतात. अशी केबल ओळखायला तारेचं टोक पात्याने खरवडा, आतून पांढरं निघेल. गुंडाळी उचलली तरी हलकी लागते.

व्होल्टेज अडाप्टरशी न मोजता कॅमेऱ्याच्या डीसी पिनपाशी मोजा, तेही एलईडी पेटलेले असताना. दिवसा कॅमेऱ्याच्या प्रकाश-सेन्सरवर काळी टेप लावली की रात्र होते. ११ व्होल्टच्या खाली आकडा आला तर तारा वाढवा. प्रत्येक बाजूला दोन तारा एकत्र पिळल्या की रोध निम्मा होतो आणि वरच्या हिशोबात ८.४ चे १०.२ होतात. तरी ते ११ च्या खालीच, म्हणून त्याहून चांगलं, पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) लावा. ४८ व्होल्टवर तेवढ्याच वॉटला पाव करंट लागतो, म्हणून त्याच ४० मीटरवर अर्धा व्होल्टही गळत नाही. कॅमेरा ८०२.३एएफ या पीओई मानकाचा हवा, त्यात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॉट आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॉट मिळतात. कॅमेरा नुसता १२ व्होल्टचा असेल तर मध्ये स्प्लिटर (केबलमधली वीज १२ व्होल्ट करून वेगळी काढणारा) लागेल. बाजारात मिळणारा पॅसिव्ह इंजेक्टर समोर काय जोडलंय हे न विचारता व्होल्टेज सोडतो. तो थेट अशा कॅमेऱ्याला लावला तर पुढचा सगळा मजकूर वाचायची गरज उरणार नाही.

केबलचं दुसरं टोक म्हणजे आरजे४५, नेटवर्क केबलचा प्लग. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या शेपटीचा जॉइंट नुसती टेप गुंडाळून सोडला की पिना हिरव्या पडतात. स्विचमध्ये त्या पोर्टचा वेग १०० ऐवजी १० दिसतो किंवा सीआरसी एरर (वाटेत खराब झालेल्या पॅकेटची मोजणी) वाढत जातात. पिन पुसून काम भागत नाही, टोक कापून नव्याने क्रिम्प करा. केबल कॅमेऱ्यात शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाईल.

रोज पहाटे तीनला ऑटो रीबूट लावणं हा या भागातला लाडका इलाज आहे. त्याने रोग झाकला जातो. रीबूटच्या वेळचे एक-दोन फोटो दररोज जातात ते वेगळेच.

स्ट्रीममधून फ्रेम काढणारे

स्नॅपशॉटचा पत्ताच नसलेल्या कॅमेऱ्यांतून लोक एफएफएमपेगने (व्हिडिओ हाताळणारं मोफत साधन) आरटीएसपीच्या (लाइव्ह प्रवाहाच्या) ५५४ पोर्टवरून एक फ्रेम काढतात. फ्रेम राखाडी किंवा चिखल झालेली आली तर दोन कारणं. यूडीपीमध्ये पॅकेट हरवतात, म्हणून ट्रान्सपोर्ट टीसीपी करा. दुसरं, पूर्ण चित्र फक्त आय-फ्रेममध्ये असतं. सेकंदाला २५ फ्रेम असताना आय-फ्रेमचं अंतर ५० फ्रेम ठेवलं तर ती दर दोन सेकंदांनी येते, पण एच.२६५+ सारखा 'स्मार्ट' कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) चालू असला की शांत दृश्यात ते अंतर बरंच लांबतं. बंद गोदामाइतकं शांत दृश्य दुसरं कुठलं? स्मार्ट कोडेक बंद करा, अंतर २५ करा, स्क्रिप्टची मुदत ८-१० सेकंद ठेवा.

आता फर्मवेअर

वरचं सगळं निस्तरूनही गळती उरली तर फर्मवेअरकडे वळा. खरी लक्षणं अशी: सुरू केल्यावर फोटो एका सेकंदात येतो, आठवड्याने चार सेकंद लागतात, दहा दिवसांनी मुदत संपते, आणि रीबूट केलं की पुन्हा एक सेकंद. ही मेमरीची गळती आहे, म्हणजे वापरलेली मेमरी प्रोग्राम परत मोकळी करत नाही. शिळ्या फ्रेमचा दोषही फर्मवेअरचाच. तिसरं कारण सुरक्षेचं. हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये २०१७ साली उघड झालेल्या त्रुटीमुळे पासवर्डशिवाय स्नॅपशॉट मिळत असे, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दुरुस्त केलेली त्रुटी त्याहून घातक होती. तिच्यातून बाहेरच्या माणसाला कॅमेऱ्यात आज्ञा चालवता येत. या आधीचं फर्मवेअर असेल आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्या इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंतची वाट) चालू असेल तर ते आजच बंद करा, फर्मवेअर सावकाश टाका.

अधिकृत फाइल घेताना मॉडेल नंबर स्टिकरवरून अक्षर न् अक्षर जुळवा. चायना रीजनच्या स्वस्त कॅमेऱ्यात इंटरनॅशनल फाइल टाकली की भाषा जुळत नसल्याचा संदेश येतो किंवा कॅमेरा उठतच नाही. तिथे हात लावू नका. पायऱ्या फार नाहीत. सेटिंगची फाइल उतरवून घ्या, सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट काढा. कॅमेरा आणि लॅपटॉप केबलने एकाच स्विचवर, स्विच यूपीएसवर. वायफायवरून किंवा शेतातल्या फोरजी राउटरवरून फ्लॅश करायचं नाही. अपडेट सुरू झाल्यावर पान गोठलं तरी दहा मिनिटं प्लगला हात लावू नका, बहुतेक कॅमेरे याच घाईत ब्रिक होतात, म्हणजे पुन्हा उठतच नाहीत.

हिकव्हिजनचा कॅमेरा अर्ध्यात अडकला तर टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल देण्याची साधी पद्धत) वर काढता येतो. लॅपटॉपला १९२.०.०.१२८ हा पत्ता द्या, फायरवॉल बंद करा, डिजिकॅप डॉट डॅव ही फर्मवेअरची फाइल टीएफटीपीच्या फोल्डरात ठेवा, मग कॅमेऱ्याची वीज चालू करा. उठताना पहिल्या काही सेकंदांत तो १९२.०.०.६४ वरून ही फाइल शोधतो. लॅपटॉप आणि कॅमेरा थेट जोडले तर लिंक उठायला वेळ लागून संधी हुकते, म्हणून मध्ये साधा स्विच हवा.

अपडेटनंतर स्नॅपशॉट पूर्णच थांबले तर घाबरू नका. पडताळणी 'डायजेस्ट/बेसिक' वरून फक्त 'डायजेस्ट' वर गेलेली असते आणि जुनी स्क्रिप्ट बेसिकच (पासवर्ड जवळपास उघडाच पाठवणारी पद्धत) बोलते. हिकव्हिजनच्या ५.५ आवृत्तीपासून ऑनव्हिफ मुळात बंद असतं आणि त्याचा वापरकर्ता वेगळा बनवावा लागतो. दोन्ही सेटिंगच्या गोष्टी आहेत.

कंपनीनेच हात वर केलेल्या कॅमेऱ्यांसाठी ओपनआयपीसी आणि थिंगिनो अशी मुक्त फर्मवेअर आहेत. थिंगिनो फक्त इन्जेनिक कंपनीच्या चिपवर चालतं. इथे मॉडेल नंबरला काडीची किंमत नाही, एकाच नंबरखाली दोन वेगळे बोर्ड निघतात. कॅमेरा उघडून प्रोसेसर, सेन्सर आणि फ्लॅश चिप वाचा. फ्लॅशवर २५क्यू६४ असेल तर ८ एमबी, २५क्यू१२८ असेल तर १६ एमबी. सेन्सरचा ड्रायव्हर चुकला की कॅमेरा उठतो, वेब पान उघडतं आणि चित्र काळं राहतं.

मूळ फ्लॅशचा बॅकअप घेतल्याशिवाय एक बाइटही लिहू नका. क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामरने दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचा हॅश जुळवा. आकार नेमका ८३,८८,६०८ किंवा १,६७,७७,२१६ बाइट आला पाहिजे. या प्रोग्रामरच्या स्वस्त काळ्या बोर्डात डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ व्होल्टची असते. आधी मीटरने मोजा. सिरियलने (बोर्डावरच्या टीएक्स-आरएक्स पिनांतून) जायचं असेल तर ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल घ्या, वेग १,१५,२००. ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला आरएक्स, आरएक्सला टीएक्स, आणि व्हीसीसी (विजेची पिन) जोडायचीच नाही.

नव्या फर्मवेअरनंतर तीन गोष्टी हमखास बिघडतात. दिवसा झाडं गुलाबी दिसली तर आयआर-कट फिल्टरच्या (दिवसा इन्फ्रारेड अडवणारी काच) जीपीआयओ पिना, म्हणजे चिपवरून तो हलवणाऱ्या पिना, चुकल्यात. फिल्टर बदलताना होणारा 'टक्' आवाज येतो का ऐका. फोटोची वेळ ११ तास चुकली तर टाइम झोन उलटा लिहिलाय: लिनक्सच्या टाइम झोनच्या ओळीत भारतासाठी आयएसटी-५:३० असं वजा चिन्ह लागतं. आणि ६४ एमबी रॅमच्या चिपवर दोन स्ट्रीम आणि जेपेग एकत्र चालवले की मेमरी संपून स्ट्रीमर (चित्र पाठवणारा प्रोग्राम) पुन्हा पुन्हा सुरू होतो. दुसरा स्ट्रीम बंद करा.

चौथी गोष्ट एकसारखे दोन कॅमेरे असतील तरच होते. एकावर नीट बसवलेली पूर्ण इमेज वेळ वाचवायला जशीच्या तशी दुसऱ्यावर लिहिली जाते. मग गेटच्या फोल्डरात कधी गेटचा फोटो पडतो, कधी गोदामाचा, आणि मधूनच दोन्ही गायब. आयपी पत्ते वेगवेगळे दिले तरी फरक पडत नाही, कारण इमेजबरोबर मॅक पत्ताही (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा नेटवर्क क्रमांक) गेला आहे आणि स्विचला एकच कॅमेरा दोन पोर्टवर नाचताना दिसतो. स्विचच्या किंवा राउटरच्या यादीत मॅक बघा, यू-बूटच्या (कॅमेरा सुरू करणारा पहिला प्रोग्राम) सेटिंगमध्ये दुसऱ्या कॅमेऱ्याचा स्टिकरवरचा मॅक लिहा, आणि स्विचचीही वीज एकदा बंद-चालू करा.